पुढच्या वर्षीची आशा

आशा ही मनुष्याची स्वाभाविक वृत्ती मानली जाते; म्हणूनच तिचे समर्थन करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. ज्ञानाला आपण प्रमाण मागतो, कर्माला हेतू विचारतो. आशेला मात्र काहीच विचारत नाही. कांटने मनुष्याला काय जाणता येईल आणि त्याने काय करावे या दोन प्रश्नांच्या जोडीला, त्याने कशाची आशा बाळगणे उचित ठरेल, हा तिसरा प्रश्न ठेवला होता. पहिल्या दोन प्रश्नांची जितकी चर्चा झाली, तितकी या तिसऱ्याची झाली नाही. आशा उचित किंवा अनुचित असू शकते, ही कल्पनाच आपल्याला काहीशी चमत्कारिक वाटते.

या प्रश्नाकडे माझे लक्ष वेधले गेले ते एका अनपेक्षित ठिकाणी. २०१८ सालच्या ऑक्टोबरमध्ये एका चर्चासत्राच्या निमित्ताने मेलबर्नला काही दिवस राहण्याचा योग आला होता. तेथील वसंत ऋतूतील एका दुपारी सेंट किल्डा या उपनगराकडे जाणाऱ्या ट्राममध्ये माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ येऊन बसले. गळ्यात लाल, पांढऱ्या व काळ्या पट्ट्यांचा लोकरी गळपट्टा होता. समोरच्या आसनावरील एका तरुणाशी त्यांचे बोलणे चालले होते. दोघांची पूर्वीची ओळख नसावी. तो गळपट्टा हीच ओळख पुरेशी झाली होती. विषय एकच : सेंट किल्डा या फुटबॉल संघाचे पुढच्या वर्षी काय होणार?

हा फुटबॉल म्हणजे आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. मेलबर्न येथे १८५९ साली ज्याचे पहिले नियम लिहिले गेले, तो ऑस्ट्रेलियन फुटबॉल हा लंबगोल मैदानावर, लंबगोल चेंडूने, प्रत्येक बाजूस अठरा खेळाडू घेऊन खेळला जातो. मैदानाच्या प्रत्येक टोकाला चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू पायाने मारून पार केला तर सहा गुण. थोडा चुकून बाजूच्या खांबाच्या आत गेला तर एक गुण. नेम चुकल्याबद्दलही काही पदरात टाकणारा हा खेळ आहे. मोसम मार्चमध्ये सुरू होतो आणि सप्टेंबरअखेर अंतिम सामन्याने संपतो. त्यानंतर खेळ थांबतो. बोलणे मात्र थांबत नाही. ऑक्टोबरमध्ये संघांत खेळाडूंची अदलाबदल होते, नोव्हेंबरमध्ये नव्या तरुण खेळाडूंची निवड होते, आणि या साऱ्या काळात समर्थकांची चर्चा अखंड चालू राहते.

त्या वर्षी सेंट किल्डाने बावीस सामन्यांपैकी केवळ चार जिंकले होते आणि अठरा संघांत त्याचा क्रमांक सोळावा लागला होता. तरी ते वृद्ध गृहस्थ कोणत्या खेळाडूचा गुडघा बरा होत आला आहे, कोणता मुलगा आणखी एका वर्षाने अंगाने भरेल, मधल्या फळीत कोणाची उणीव आहे, याचे विवेचन एखाद्या भाष्यकाराच्या तन्मयतेने करीत होते. अखेर माझ्याकडे वळून त्यांनी, जणू साक्षीदाराला सांगावे तसे, पुढच्या वर्षी आम्ही निश्चित वर येऊ, असे सांगितले. त्या ‘आम्ही’पाशी मी अडखळलो, का, ते पुढे येईलच.

प्रथम या आशेवरील आक्षेप नीट मांडला पाहिजे. इंग्रज विचारवंत क्लिफर्ड याने १८७७ साली विश्वासाच्या नीतीविषयी एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक येतो. आपले जुने जहाज सफरीस योग्य नाही, ही शंका तो मनातून हळूहळू हुसकून लावतो आणि निर्धास्त मनाने प्रवाशांना समुद्रावर पाठवतो. जहाज बुडते. क्लिफर्डचे म्हणणे असे, की जहाज सुखरूप परतले असते तरी तो मालक दोषीच. कारण पुराव्याविना विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकार नव्हता. या कसोटीवर सेंट किल्डाचा समर्थक कोठे उतरतो? ज्या स्पर्धेत हा संघ १८९७ साली उतरला, तिच्या पहिल्या तीन मोसमांत त्याने एकही सामना जिंकला नाही. तळाचे स्थान त्याच्याइतक्या वेळा दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेले नाही. विजेतेपद त्याला एकदाच मिळाले, १९६६ साली, आणि तेही एका गुणाने : ७४ विरुद्ध ७३. शेवटच्या क्षणांत बॅरी ब्रीनने मारलेला चेंडू मधल्या खांबांतून गेला नाही. तो बाजूने गेला. त्या चुकलेल्या नेमाचा एक गुण हीच या संघाच्या समग्र इतिहासाची पुंजी आहे. पुढे २०१० साली अंतिम सामना ६८–६८ असा बरोबरीत सुटला. अखेरच्या मिनिटांत लंबगोल चेंडू जमिनीवर आदळून अवचित भलतीकडे उसळला आणि सेंट किल्डाच्या खेळाडूच्या हातून निसटला. आठवड्याने पुन्हा झालेल्या सामन्यात तो संघ ५६ गुणांनी हरला.

इतका पुरावा समोर असताना ‘पुढच्या वर्षी’ असे म्हणणे हे अज्ञान नव्हे काय? भारतीय विचाराच्या बाजूने आक्षेप याहून तीव्र होतो. कर्म करावे आणि फळाची आसक्ती सोडावी, ही गीतेची शिकवण आपल्या अंगवळणी नसली तरी कानवळणी पडलेली आहे. समर्थकाची स्थिती तिच्या नेमकी उलट दिसते. तो मैदानात उतरत नाही, चेंडूला स्पर्श करीत नाही. कर्म सर्वस्वी दुसऱ्यांचे, आणि फळाची आसक्ती मात्र सर्वस्वी याची. कर्माविना फलेच्छा याहून अधिक शुद्ध स्वरूपात क्वचितच आढळेल.

हे दोन्ही आक्षेप एका गृहीतावर उभे आहेत. समर्थक भविष्याविषयी विधान करीत आहे आणि ते खरे की खोटे एवढाच प्रश्न आहे, हे ते गृहीत होय. येथे मराठी भाषेचे साहाय्य होते. ‘तो संघ जिंकेल’ हे वाक्य केवळ अंदाज आहे. पैज लावणाराही तेच म्हणेल. परंतु ‘आपण जिंकू’ या वाक्यात क्रियापदाचे रूप दुहेरी आहे. ‘आपण उद्या जाऊ’ असे म्हणताना आपण उद्याची बातमी सांगत नाही. जाण्याचे ठरवतो, दुसऱ्याला सोबत बोलावतो. प्रथमपुरुषी अनेकवचनात आपल्या भाषेने भविष्य आणि संकल्प यांना एकच रूप दिले आहे. समर्थकाचे वाक्य या दुसऱ्या अर्थाने ऐकले पाहिजे. तो भाकीत करीत नाही. पुढच्या वर्षीही मी येथेच असेन, असे वचन देतो. वचन खोटे ठरते ते पराभवाने नव्हे, अनुपस्थितीने.

या वचनाला कृतीचे बळ असते, याचे एक उदाहरण त्याच शहरात घडले. १९८९ सालच्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे एरवी केवळ बोलण्याच्या दिवसांत, पश्चिम मेलबर्नमधील कामगारवस्तीचा फुट्स्क्रे हा संघ फिट्झरॉय या दुसऱ्या संघात विलीन होणार, असे जाहीर झाले. फुट्स्क्रेच्या समर्थकांनी सभा घेतल्या, न्यायालयात धाव घेतली, हातात डबे घेऊन पैसे गोळा केले आणि काही आठवड्यांत संघ वाचवला. फलेच्छा बाळगणाऱ्यांचे कर्म कोणते, याचे उत्तर येथे मिळते. गुण मिळवणे हे खेळाडूंचे काम. गुण मिळवण्यासाठी संघ अस्तित्वात ठेवणे हे समर्थकांचे. सभासदत्वाची वर्गणी भरली जाते तीही पहिला चेंडू उसळण्यापूर्वी, निव्वळ आशेच्या मोसमात.

हाच संघ पुढे वेस्टर्न बुलडॉग्ज झाला आणि १९५४ नंतर तब्बल बासष्ट वर्षांनी, २०१६ साली, विजेता ठरला. त्या वर्षी कर्णधार बॉब मर्फी गुडघ्याच्या दुखापतीमुळे अंतिम सामना खेळू शकला नव्हता. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांनी स्वतःच्या गळ्यातील पदक काढून त्याच्या गळ्यात घातले. ते पदक मर्फीने पुढे परत केले, यात मला त्या प्रसंगाची पूर्णता दिसते. जे आपण केले नाही त्याचा आनंद माणसाला पूर्णपणे घेता येतो आणि तरीही त्यावर मालकी सांगता येत नाही. आसक्ती आणि अनासक्ती यांच्यामध्ये एक तिसरी अवस्था आहे. तिला सहभाग म्हणावे.

एवढ्यावर हा लेख संपवता आला असता, तर आशेचा पक्ष सुलभतेने सिद्ध झाला असता. परंतु फिट्झरॉयचे काय? १८८३ साली स्थापन झालेल्या, आठ विजेतेपदे मिळवलेल्या त्या संघाच्या समर्थकांची निष्ठा फुट्स्क्रेच्या समर्थकांहून उणी नव्हती. १९९६ साली कर्जाच्या भाराखाली तो संघ दूरच्या ब्रिस्बेनच्या संघात विलीन करण्यात आला. मेलबर्नमधील त्याचा अखेरचा सामना तो १५१ गुणांनी हरला. १ सप्टेंबर १९९६ रोजी, देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्रीमँटलविरुद्ध तो शेवटचे खेळला आणि हरला. त्या संध्याकाळी त्याच्या समर्थकांनी जे गमावले तो केवळ सामना नव्हता. ‘पुढच्या वर्षी’ हे दोन शब्द त्यांच्या भाषेतून गेले. आशा फळाला येतेच असे नाही. ती फळाला येते म्हणून उचित, असे जो म्हणेल त्याला फिट्झरॉयच्या माणसांसमोर उभे राहता येणार नाही. विलीन झालेल्या संघाने २००१, २००२ आणि २००३ असे सलग तीन वेळा विजेतेपद मिळवले, तेव्हा काहींना ते आपले वाटले, काहींना मुळीच वाटले नाही. दोघांनाही चूक ठरवणे मला शक्य नाही. मात्र फिट्झरॉयचे नाव आणि रंग घेऊन हौशी खेळाडूंचा एक संघ २००९ पासून मेलबर्नमधील हौशी संघांच्या स्पर्धेत खेळतो आहे. विजेतेपदाचा प्रश्न मिटला तरी वचनाचा प्रश्न मिटला नव्हता, एवढेच यावरून दिसते.

आशेचा खरा दोष अन्यत्र आहे. पराभूतांना अगदीच निराश ठेवू नये म्हणून या स्पर्धेने १९८६ पासून एक व्यवस्था केली : नव्या खेळाडूंच्या निवडीत जो संघ सर्वांत खाली, त्याचा मान पहिला. तत्त्व उदात्त आहे. परंतु त्यातून एक मोह जन्मला. या वर्षी आणखी काही सामने हरलो तर पुढचे वर्ष अधिक उज्ज्वल होईल, हा तो मोह. २००९ च्या मोसमातील वर्तनाबद्दल मेलबर्न संघाची चौकशी झाली. संघाने हेतुपुरस्सर सामने हरण्याचा घाट घातला नव्हता, असा निर्णय २०१३ साली देण्यात आला. तरी त्याच्या अधिकाऱ्यांचे वर्तन स्पर्धेच्या हिताला बाधक ठरले आणि संघाला पाच लाख डॉलरांचा दंड झाला. क्लिफर्डचा जहाजमालक येथे भेटतो, ट्राममधील वृद्धात नव्हे. भविष्यासाठी जो वर्तमान विकतो त्याची आशा अनुचित. यात समर्थकही सर्वस्वी निर्दोष नसतो. मोसमाच्या अखेरीस आपला संघ हरावा, असे त्याला मनातल्या मनात वाटून गेलेले असते. त्या क्षणी तो ‘आपण’ राहत नाही, हिशेबनीस होतो.

हा भेद केवळ क्रीडांगणापुरता नाही. पुढच्या पिढीच्या नावाने या पिढीला उपाशी ठेवणाऱ्या व्यवस्था विसाव्या शतकाने पुरेशा पाहिल्या. उज्ज्वल उद्याची भाषा त्यांचीही होती. म्हणून आशेची कसोटी तिच्या दिव्यतेत नाही, आजच्या दिवसाशी ती कसे वागते यात आहे. ऑगस्टच्या थंड पावसात, काहीही जिंकण्यासारखे उरलेले नसताना जो आपल्या संघाचा सामना बघायला जातो, त्याला पुढच्या वर्षीविषयी बोलण्याचा अधिकार आहे. कारण त्याने चालू वर्षाचा त्याग केलेला नाही. त्याची आशा ऋण काढत नाही, ती स्वतःचे मोल आधी चुकते करते.

आता त्या ‘आम्ही’विषयी. आपल्या भाषेत ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारे ‘आम्ही’ आणि त्याला आत घेणारे ‘आपण’ असे दोन शब्द आहेत, इंग्रजीत एकच. त्या गृहस्थांचे वाक्य मी तेव्हा मनात ‘आम्ही’ असे भाषांतरित केले, कारण मी परका होतो. ते ऐंशीच्या घरात असावेत. १९६६ चा तो एक गुण त्यांनी तरुणपणी मैदानात उभे राहून पाहिला होता. दुसरा पाहायला मिळेल की नाही, हे त्यांना माहीत नव्हते, आणि माहीत नसल्याचे दुःखही त्यांच्या बोलण्यात नव्हते. उतरताना त्यांनी समोरच्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मार्चमध्ये भेटू, असे म्हटले. मग माझ्याकडे पाहून तेच वाक्य पुन्हा म्हटले.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०१९ मध्ये, सेंट किल्डाचा क्रमांक चौदावा लागला. तो मी येथे, पुण्यात, वृत्तपत्रात शोधून वाचला. दोन पायऱ्या वर आलो, असे माझ्या मनात आले, आणि मी कोणते सर्वनाम वापरले आहे ते थोड्या वेळाने ध्यानात आले.