न मागणाऱ्याचा वाटा

हिवाळ्यात ऊन वर येण्याआधी महाबळेश्वर तालुक्यात, भिलारच्या बाजूला, स्ट्रॉबेरीच्या वाफ्याशी वाकून पाहावे. पानाच्या करवती कडेला जितके दाते, जवळपास तितके थेंब टोकाटोकावर उभे असतात. आपण त्यांना सहज दव म्हणतो. पण दव हवेतून उतरते आणि पानभर पसरते. हे थेंब झाडाच्या आतून आलेले असतात. पानातल्या जलवाहिन्या दात्याच्या टोकाशी येऊन संपतात, तिथे बारीक रंध्रे असतात आणि त्यांतून हे पाणी बाहेर येते. रात्रभर मुळांनी केलेल्या कामाची ती खूण असते.

दिवसा झाडात पाणी चढते ते पानांच्या ओढीने. ऊन लागले की पर्णरंध्रांतून वाफ निघून जाते आणि रेणूला रेणू धरून पाण्याची अखंड धार मुळापासून वर खेचली जाते. ही शक्ती सूर्याची. रात्री पर्णरंध्रे मिटतात, ओढ थांबते. मुळे मात्र थांबत नाहीत. त्यांच्या पेशी मातीतले क्षार उचलून जलवाहिन्यांत भरत राहतात, आत ते बाहेरच्यापेक्षा जास्त असले तरीही. पेशीचे पटल मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ असते, पण काय आत घ्यायचे आणि काय नाही याची निवड तिथेच होते. क्षार पुढे गेले की परासरणाने पाणी त्यांच्या मागून येते. पाण्यासाठी या पटलात प्रथिनांच्या खास वाटा असतात. त्यांच्या शोधासाठी पीटर अॅग्रे यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. असे पाणी येत राहते, दाब वाढतो आणि ते वर ढकलले जाते.

क्षार असे भरत राहणे फुकट होत नाही. पेशीला त्यासाठी साखर खर्चावी लागते, श्वास घ्यावा लागतो. म्हणून मुळाशी हवा खेळती हवी. इथले शेतकरी गादीवाफे करतात आणि ठिबकने बेताचे पाणी देतात, त्यामागे हेही कारण आहे. पाणी साचले तर मुळे गुदमरतात आणि पाण्यात उभे असूनही झाड सुकते.

या रात्रीच्या दाबाचा खरा लाभ कोवळ्या पानांना होतो. पेशींच्या भिंती घट्ट व्हायला कॅल्शियम लागते. ते प्रवास करते ते जवळजवळ केवळ जलवाहिन्यांतून, पाण्याबरोबर. एकदा जून पानात जाऊन बसले की तिथून परत फिरत नाही. दिवसा जास्त पाणी जाते ते जास्त ओढणाऱ्या मोठ्या पानांकडे. गाभ्यात मिटून असलेल्या कोवळ्या पानातून फारशी वाफ निघत नाही, त्यामुळे त्याला ओढताही येत नाही. त्याच्या वाट्याचे कॅल्शियम बरेचसे रात्री येते, मुळे ढकलतात तेव्हा. माती कोरडी पडली आणि रात्री हा दाब तयार झाला नाही, तर कोवळ्या पानांची टोके करपतात.

यात मोठ्या पानांचा काही अपराध नाही. त्यांची ओढ आहे म्हणून झाडाचे अन्न तयार होते आणि २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले महाबळेश्वरचे हे फळ रसाने भरते. पण केवळ ओढीवर सोडलेली वाटणी कोवळ्या पानापर्यंत पुरत नाही.

माणसांतही असेच घडते. वर्गात हात वर करणाऱ्या मुलाकडे शिक्षकाचे लक्ष आपोआप जाते. ग्रामसभेत उठून बोलणाऱ्याचे गाऱ्हाणे नोंदले जाते. घरात आवाज असलेल्याची आवड शिजते. मागच्या बाकावरचे मूल, सभेच्या कडेला बसलेली बाई, दुखणे न सांगणारे आजोबा यांच्याकडे आपोआप काहीच जात नाही. त्यांच्यापर्यंत पोचायला कोणाला तरी स्वतःची शक्ती खर्चावी लागते आणि तीही कोणी मागितलेली नसताना. न्याय म्हणजे मागणाऱ्याला नाही न म्हणणे, एवढेच नव्हे. ज्याला मागता येत नाही त्याचा वाटा त्याच्यापर्यंत नेऊन पोचवणे, हेही न्यायाचेच काम आहे. आज दिवसभरात असे एक माणूस शोधू या आणि त्याने बोलावण्याआधी त्याच्याकडे जाऊ या.