अधिकार आधी की प्रवेश आधी?

खानदेशातील अमळनेर या गावाने तीस वर्षांच्या आत दोन संस्थांना जन्म दिला. पण त्या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. १९१६ साली श्रीमंत प्रताप शेठ यांच्या औदार्याने तेथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले आणि ते शांकर अद्वैताच्या अध्ययनाचे पीठ झाले. पुढे १९४५ च्या डिसेंबरात महंमद हाशम प्रेमजी यांनी त्याच गावी वनस्पती तुपाची कंपनी स्थापन केली. १९६६ मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी अझीम प्रेमजींनी तिची सूत्रे हाती घेतली, आणि आज ‘विप्रो’ या नावाने ती दोन लाखांहून अधिक माणसांना रोजगार देणारी, देशोदेशी पसरलेली संगणक-कंपनी आहे. ब्रह्मविद्येस अधिकारी कोण, असे एक संस्था विचारीत आली; कामावर घेण्यास योग्य कोण, असे दुसरी रोज विचारते. माझ्या मते हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत.

नित्यानित्यविवेक, वैराग्य, शमादी षट्संपत्ती आणि मुमुक्षुत्व एवढीच वेदान्ताने साधकाची योग्यता सांगितली. त्या यादीत जन्माचा उल्लेख नाही. तथापि ब्रह्मसूत्रांतील अपशूद्राधिकरणाने त्याच विद्येचे दार जन्मावरून बंद केले, आणि आत्मा सर्वांभूती एक असे प्रतिपादणाऱ्या शंकराचार्यांनीही भाष्यात ते बंदच ठेवले. छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबालाने आपले गोत्र ठाऊक नाही हे निर्भयपणे सांगितले, तेव्हा गुरू गौतमाने त्याला तत्काळ पदरी घेतले. परंपरेने त्या सत्यवचनातही ब्राह्मण्याचाच दाखला शोधला. मला मात्र त्या कथेचे मर्म पुढच्या भागात दिसते. गुरूने त्याच्या हाती चारशे रोड गाई दिल्या. त्यांच्या सहस्र गाई होईपर्यंत तो रानात राहिला, आणि परतीच्या वाटेवर बैल, अग्नी, हंस व मद्गू नावाचा पाणपक्षी यांच्याकडून त्याला ब्रह्माचा एकेक पाद कळला. म्हणजे प्रवेश आधी मिळाला. अधिकार त्यामागून, कष्टाने, सिद्ध झाला.

हाच क्रम कारागिरीतही दिसतो. मुंबई-आग्रा रस्त्यावर, किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेले सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील तांबट घागर मठारताना एका हाताने ती ऐरणीवर कणाकणाने फिरवतो आणि दुसऱ्या हाताचा हातोडा अशा बेताने पाडतो, की प्रत्येक ठोक्याची खूण मागच्या खुणेला लागून बसावी. पत्रा कठीण होत आला की ठोक्याचा नाद पालटतो, आणि तो पालटताच भांडे पुन्हा भट्टीत तावायचे असते. हा नाद ओळखणारा कान तांबटाच्या रक्तातच असतो, असे गावाने पिढ्यानपिढ्या मानले. वस्तुतः तो बापाच्या शेजारी बसून, भाता ओढीत, घडलेला असतो. ज्याला आपण उपजत गुण म्हटले, ते बहुतांशी लहानपणी मिळालेल्या प्रवेशाचे फळ होते. आणि ज्यांना कारखान्याचा उंबरठा ओलांडू दिला नाही, त्यांच्या ठायी तो गुण नाही, असा निवाडा आपण बेधडक दिला.

आज हाच निवाडा नव्या कचेऱ्यांतून दिला जातो. घरी अहिराणी बोलणारी, धुळ्याला किंवा शिरपूरला शिकलेली मुलगी मुलाखतीस बसते, तेव्हा तिला गणित येत असते, तर्क येत असतो. येत नसते ती अस्खलित इंग्रजी आणि परक्या दालनातील सहजता. तेवढ्यावरून तिची गुणवत्ता उणी ठरते. निवड करणारा सज्जन मनुष्य प्रामाणिकपणे म्हणतो, “मी गाव पाहत नाही, जात पाहत नाही, स्त्री-पुरुष पाहत नाही, केवळ गुण पाहतो.” पण अद्वैतानेच पारमार्थिक आणि व्यावहारिक अशा दोन सत्ता सांगितल्या आहेत, आणि व्यवहारात उपाधी, म्हणजे माणसाला चिकटलेली बाह्य विशेषणे, खऱ्या मानल्या आहेत. जो परमार्थाची भाषा बोलून व्यवहारातील भेदाकडे डोळेझाक करतो, त्याचे समदर्शन म्हणजे केवळ स्वतःच्या मनाची समजूत होय. आणि जो उलटपक्षी वार्षिक अहवालात वैविध्याचा आकडा भरावा म्हणून तिला नेमतो, तोही तिला पाहत नाही. तिची उपाधी तेवढी पाहतो.

यावर आक्षेप येतो, की अशाने कामाचा दर्जा खालावेल. आक्षेप गंभीर आहे, कारण चुकीची आज्ञावली कोणाच्याही जन्मकथेकडे पाहून बरोबर चालत नाही. पण कसोटी काढून टाका, असे येथे कोणी म्हणत नाही. सत्यकामास गुरूने सूट दिली नव्हती. त्याला अवघड काम आणि पुरेसा काळ दिला होता. विप्रोने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून विज्ञानाच्या साध्या पदवीधरांना नोकरीत घेऊन, पगार चालू ठेवून, पदव्युत्तर तंत्रशिक्षण देण्याची योजना चालविली, तिच्यामागे हेच तत्त्व आहे. कसोटी उंबरठ्यावरून उचलून आत, उमेदवारीच्या काळात न्यावी. जे आत आल्यावाचून शिकताच येत नाही, ते बाहेर उभ्या असलेल्याकडे मागू नये. त्या कंपनीत आज स्त्रियांचे प्रमाण एक तृतीयांशाच्या पुढे गेले आहे. मात्र नेमणुकीने काम संपत नाही. शंका विचारण्याची, चुकण्याची आणि वरच्या हुद्द्यावर चढण्याची मोकळीक ज्याला मिळाली, तोच खरा आत आला.

अमळनेरच्या शाळेत शिकविणाऱ्या साने गुरुजींनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचने टिपून घेतली, आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले. ‘आधी भक्ती सिद्ध करा, मग दार उघडू,’ अशी अट त्यांनी कोणाला घातली नाही. कारण दार उघडणे ही दर्शनास आलेल्यांवर कृपा नव्हती, आत असलेल्यांचे ते कर्तव्य होते. आपल्या शास्त्रांनी ऋषिऋण सांगितले, आणि ते अध्ययन-अध्यापनानेच फिटते असेही सांगितले. खानदेशातून निघून जे आज पुण्या-बंगळूरच्या निवड-मंडळांवर बसले आहेत, त्यांना कोणीतरी पूर्ण सिद्ध होण्याआधीच आत घेतले होते. त्या ऋणाची परतफेड देणगीने होणार नाही. पुढच्या उमेदवाराला वेळ, काम आणि विश्वास देऊनच ती होईल.