मागच्या सीटला विचारा

वस्तू किती वर्षं वापरावी, हा प्रश्न ज्याला स्वतःला पडतो तो तत्त्वज्ञ आणि ज्याच्या बायकोला पडतो तो नवरा, अशी माझी साधी विभागणी आहे. मी दुसऱ्या वर्गातला.

आमच्याकडे हा प्रश्न निघाला तो स्कूटरवरून. ती मी १९८६ साली घेतली. घेतली म्हणजे काय, त्या काळी स्कूटर कुणी घेत नसे, तिला नंबर लावत. मुलगी पाहण्यापासून अक्षता पडेपर्यंत सहा महिने पुरत, स्कूटरला वर्षं लागत. मी आधी नंबर लावला, मग लग्न ठरलं, आणि दोन्ही एकाच वर्षी घरी आली. त्यामुळे ‘स्कूटर जुनी झाली’ असं म्हणणं आमच्याकडे फार जपून करावं लागतं.

स्कूटरच्या कंपनीचं नाव मी सांगत नाही. कारण तिच्यात आता कंपनीचं फारसं काही उरलेलंच नाही. पिस्टन दोनदा बदलला. क्लचच्या केबली किती बदलल्या, ते मिस्त्रीलाच ठाऊक. खालचा पत्रा गंजून पाय रस्त्याला लागायला लागले, तेव्हा नवा पत्रा वेल्डिंग करून घेतला. रंग तीनदा दिला. मूळचं असं फक्त हॅण्डल आणि हॉर्न. त्यांतला हॉर्न वाजत नाही. सुरू करायची तर आधी डाव्या अंगाला आडवी करायची, मनातल्या मनात पाच आकडे मोजायचे आणि मग किक मारायची. हा विधी पाहून शेजारची मुलं नमस्कार करायची तेवढी बाकी होती.

आता सगळेच भाग बदलले, तर ही तीच स्कूटर का? थीसियसच्या जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या, तेव्हा जहाज तेच राहिलं की दुसरं झालं, यावर ग्रीक तत्त्वज्ञांनी भरपूर वाद घातल्याचं प्लूटार्कने लिहून ठेवलं आहे. आमच्या मिस्त्रीच्या टपरीवर हा वाद अर्ध्या मिनिटात मिटला. मिस्त्री म्हणाला, “सर, चासी नंबर तोच आहे ना? मग गाडी तीच.” अथेन्सला एक आरटीओ असतं तर तत्त्वज्ञानाचा केवढा वेळ वाचला असता!

सरकारलाही या बाबतीत शंका नसते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून घ्यायची, वर म्हातारपणाचा दंड म्हणून हरित कर भरायचा. मी पेन्शनर असल्यामुळे दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो. स्कूटरला तो पाच वर्षांतून एकदाच द्यावा लागे, म्हणजे सरकारचा माझ्यापेक्षा तिच्यावर पाचपट विश्वास. स्वतःच्या गाड्यांना मात्र सरकारने १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांनंतर पुन्हा नोंदणी नाही, असा नियम केला, आणि त्यात एसटीही आली. ज्या नगर–पुणे रस्त्यावर १ जून १९४८ रोजी पहिली एसटी धावली, त्याच रस्त्यावर आता पंधरा वर्षांची झालेली एसटी धावू शकत नाही.

पण हे झालं कायद्याचं. नीतीचं काय? आपल्या जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. इथेच नेवाशाला, शके १२१२ मध्ये, पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली असं आपण मानतो. त्या गीतेत जुनी वस्त्रं टाकून नवी घ्यावीत तसा आत्मा देह बदलतो, असं भगवंतांनी अर्जुनाला समजावलं आहे. दृष्टान्त चोख आहे. पण वस्त्र जीर्ण झालं हे ठरवायचं कुणी? नेसणाऱ्याने, धुणाऱ्याने की बघणाऱ्याने? अर्जुनाने हे विचारलं नाही. त्याचं तेव्हा लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, पण धुणं घरात नव्हतं.

बरं, टाकायचं म्हणजे तरी काय करायचं? नगरात त्याचेही दोन नमुने आहेत. एक रणगाड्यांचं संग्रहालय. १९९४ साली लष्कराने ते उघडलं, आणि १९६५ च्या लढाईतला पॅटन रणगाडाही तिथे उभा आहे. रणगाडा भंगारात गेला नाही आणि रस्त्यावरही राहिला नाही, लोक तिकीट काढून त्याला बघायला येतात. दुसरा नमुना लूनाचा. १९७२ साली आलेली ही लूना आपल्या दौंड रस्त्यावरच्या कारखान्यात तयार व्हायची. दूधवाला, शिक्षक, कॉलेजची मुलगी, सगळ्यांना तिने वाहिलं, मग ती बंद पडली, आणि २०२४ साली बॅटरीवर पुन्हा जन्माला आली. इथे तर आत्मा देह बदलतो याचा पुरावाच मिळतो.

माझी स्कूटर मात्र यांतलं काही करायला तयार नव्हती. म्हणजे मी तयार नव्हतो. कुणी विषय काढला की मी म्हणायचो, “इतकी वर्षं झाली, हिने कधी दगा दिला नाही.” हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं होतं की मला ते खरं वाटायला लागलं होतं. हातात नवी कोरी गाडी घ्यायची ऐपत असताना जुनी चालवण्यात एक प्रकारचा मोठेपणा असतो. लोक त्याला साधेपणा म्हणतात, आपण त्याला इमान म्हणतो. त्यातला चिक्कूपणाचा भाग कुणी मोजत नाही.

तो गेल्या लग्नसराईत मोजला गेला. भिंगारला लग्न होतं. रात्री साडेदहाला परत निघालो, आणि डीएसपी चौकाच्या अलीकडे स्कूटर थांबली. मी आडवी केली. पाच आकडे मोजले. पन्नास मोजले. शेवटी ढकलायला लागलो. बायको मागे. अंगावर पैठणी, हातात आहेराची पिशवी आणि गुडघ्याला पट्टा. बरंच चालून झाल्यावर वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हणालो, “अगं, पण एरवी हिने कधी दगा दिला नाही हं!”

ती थांबली. “तुम्हाला नाही दिला,” ती म्हणाली, “तुम्ही हॅण्डल धरून होतात. मागच्या सीटवर कोण होतं?”

आणि मग तिने चालता चालता यादीच सांगितली. कुठल्या साली कुठून कुठवर, हातात काय होतं, पाऊस होता की ऊन. दिल्ली गेट ते सावेडी, धाकटी पोटात असताना. माळीवाड्यापासून, भाजीची पिशवी फाटली तेव्हा. आवाजात तक्रार नव्हती. किराण्याची यादी वाचावी तशी वाचली. मला त्यातलं एकही आठवेना. मला आठवत होतं ते एवढंच, की दरवेळी मी गाडी घरी आणली होती.

तेव्हा मला आमचा बैल आठवला. १९७२ च्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. आमच्या दक्षिणेकडच्या गावात विहिरींनी तळ दाखवला होता. म्हातारा बैल औताला जुंपायच्या कामाचा राहिला नव्हता, पण दादा म्हणायचे, “त्यानं आपल्याला पोसलंय, आता बसून खाऊ दे.” गावभर दादांचं कौतुक. आई दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि संध्याकाळी परत येताना जिथे मिळेल तिथून बैलासाठी पाला आणायची. एका संध्याकाळी दादांनी तिला दारात भारा टाकून तिथेच भिंतीला टेकून झोपलेली पाहिली. चूल पेटली नव्हती. दुसऱ्या दिवशी दादा बैलाला घेऊन चालत निघाले ते उत्तरेला, प्रवरेच्या कालव्यावर, आत्याच्या गावी. तिकडे ऊस होता, वाढं होतं. चार दिवसांनी रिकाम्या हाताने परत आले आणि आईला एवढंच म्हणाले, “माझं पुण्य तू वाहत होतीस.”

त्या वेळी मला वाटलं होतं, दादा बैलाबद्दल निष्ठुर झाले. डीएसपी चौकापासून सावेडीपर्यंत स्कूटर ढकलताना कळलं, की ते बैलाबद्दल नव्हतंच.

वस्तूवर माया करायला माझी हरकत नाही. ज्यांना जुन्या वस्तूची माया नसते, ते पुढे जुन्या माणसांशी कसे वागतात, हे आपण पाहतोच. पण त्या मायेचं बिल कुणाच्या नावावर फाटतं, ते एकदा पाहावं. आपल्या नावावर फाटत असेल तर खुशाल शंभर वर्षं ठेवा. दुसऱ्याच्या नावावर फाटत असेल, तर ते इमान नव्हे, उधारी आहे. वर्षं आणि किलोमीटर मोजून हे कळत नाही. मागच्या सीटला विचारावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीला बोलावलं. आयत्या वेळी बायकोनेच सीटवरून हात फिरवला आणि म्हणाली, “हॅण्डल तेवढं काढून घ्या, राहू दे घरात.” मिस्त्रीने काढून दिलं. ते आता माळ्यावर आहे. बाकीची स्कूटर त्याने सुट्या भागांसाठी ठेवली. नगरच्या रस्त्यांवर आता ती थोडी थोडी अनेक ठिकाणी धावत असेल. आरटीओत कागद रद्द करून आलो. कागदावर अजून अहमदनगर होतं, बाहेर पाटीवर २०२४ पासूनचं अहिल्यानगर. गाव मात्र तेच. बहुधा चासी नंबर बदललेला नसावा.

नवी गाडी बॅटरीची आहे. आवाज नाही, किक नाही, आडवी करायची नाही. बायकोने पंधरा दिवसांत शिकून घेतली आणि आता तीच चालवते. मी मागे बसतो. खड्डा आला की मणक्याला कळतं, वळण आलं की पोटाला कळतं. मागची सीट अशी असते, हे इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे, सांगितलं असणार.

परवा तिने भर बाजारात गाडी उभी करून मला तासभर पिशव्या धरायला लावल्या. घरी आल्यावर म्हणाली, “छान आहे हो गाडी, कधी त्रास म्हणून नाही.”

मी काही बोललो नाही. यादी करायला घेतली आहे.