चाकांवरचे घर आणि गृहस्थाचे ऋण

मनुष्य घर सोडून बाहेर पडतो तो मुख्यतः तीन कारणांनी: उपजीविकेसाठी, तीर्थासाठी, अथवा केवळ सृष्टीचे दर्शन घ्यावे म्हणून. या तिन्ही प्रकारांत आजवर एक गोष्ट समान होती. घर मागे राहत असे आणि प्रवासी दुसऱ्याच्या आश्रयाला जात असे. धर्मशाळेच्या ओसरीवर पथारी टाकणाऱ्याला आपण परक्या छताखाली आहोत, याची आठवण कोणी करून द्यावी लागत नसे. आता मात्र प्रवासाचा असा एक प्रकार रूढ झाला आहे की, ज्यात घरच प्रवाशाबरोबर निघते. मोठ्या मोटारीत शय्या, शेगडी, पाण्याची टाकी, शौचपात्र अशी सर्व सोय बसविलेली असते; तिला कॅम्परव्हॅन म्हणतात. पाश्चात्त्य देशांत, विशेषतः सेवानिवृत्त दांपत्यांना, हा प्रवास फार प्रिय आहे, आणि भारतातही अशा गाड्या दिसू लागल्या आहेत. वरवर पाहता ही केवळ सोयीची गोष्ट आहे. परंतु तीत धर्माचा एक सूक्ष्म प्रश्न दडलेला आहे. ज्याचे घर त्याच्याबरोबर चालते, तो ज्या भूमीवरून जातो त्या भूमीचा कोण लागतो? अतिथी, संन्यासी, की गृहस्थ?

प्रश्न स्पष्ट होण्यासाठी एक दृष्टांत उपयोगी पडेल. स्कॉटलंडच्या उत्तरेस हायलँड नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथे इन्व्हर्नेस शहरातून निघून पश्चिम व उत्तर किनाऱ्याने फिरत पुन्हा इन्व्हर्नेसलाच येणारा सुमारे ८३० किलोमीटरचा मार्ग आहे. रस्ते जुनेच, परंतु २०१५ साली त्यांना 'नॉर्थ कोस्ट ५००' असे एकच नाव देऊन त्यांची प्रसिद्धी करण्यात आली, आणि तेव्हापासून उन्हाळ्यात तेथे प्रवाशांची रीघ लागते. नावातील पाचशे हा आकडा मैलांचा आहे.

कल्पना करावी की, इंग्लंडातील एका मोठ्या शहरातले वयस्क दांपत्य जून महिन्यात या मार्गाला लागले आहे. पती शाळेत गणित शिकवीत असे. पत्नी रुग्णालयात परिचारिका होती. चाळीस वर्षे दोघांनी घड्याळाच्या काट्यावर काढली. मुले आपापल्या संसारात रमली. आता हाती दहा दिवस आहेत, आणि पतीने नकाशावर प्रत्येक दिवसाचा मुक्काम पेन्सिलीने आखून ठेवला आहे. हे वर्तुळ पूर्ण करावे, ही त्याची कित्येक वर्षांची इच्छा होती.

त्यांचा आनंद खोटा नव्हता, हे आधी मान्य केले पाहिजे. समुद्रसपाटीपासून ६२६ मीटर उंच चढणाऱ्या 'ब्यालाख ना बा' या घाटाच्या पायथ्याशी, शिकाऊ चालकांनी व फार मोठ्या वाहनांनी या वाटेने जाऊ नये, अशा अर्थाचा फलक आहे. त्या नावाचा अर्थ 'गुरांची खिंड' असा होतो. दांपत्याने फलकाचा मान राखला व दुसरी वाट धरली. पुढे टॉरिडन येथे त्यांनी डोंगर पाहिले: तळाशी करडा खडक, काही ठिकाणी ३०० कोटी वर्षांपर्यंत जुना, त्यावर सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीचा तांबूस वालुकाश्म. अशा पर्वतासमोर उभे राहिले असता मनुष्याचा अहंकार आपोआप लहान होतो. रात्री दहानंतरही क्षितिजावर उजेड रेंगाळे आणि दोघे दार उघडे ठेवून चहा घेत बसत. चार पावलांच्या जागेत दोघांनी राहावयाचे म्हणजे एकमेकांच्या सवयी सोसणे आलेच. त्या सोसण्यातूनही जुना स्नेह नव्याने उजळला. सृष्टिसौंदर्याचा असा आस्वाद निंद्य नव्हे. निंद्य काय, ते पुढे दिसेल.

त्या प्रदेशातील पुष्कळसे रस्ते एकाच गाडीपुरते रुंद आहेत. थोड्या थोड्या अंतरावर बाजूला फुगवटा असतो. समोरून गाडी आली की ज्याच्या बाजूला फुगवटा असेल त्याने तेथे वळून दुसऱ्यास वाट द्यावयाची, अशी रीत आहे. मागून कोणी घाईचा माणूस येत असेल, तर त्यालाही तेथेच थांबून पुढे जाऊ द्यावे, असे तेथील रहदारीचे नियम सांगतात. फुगवट्यात गाडी लावून राहणे मात्र निषिद्ध आहे. डर्नेस या गावापर्यंत दांपत्याने हे सर्व पाळले. डर्नेसला शौचपात्राची पेटी रिकामी करण्याची सोय होती. परंतु तेथे रांग लांब होती आणि पती घाईत होता. 'उद्या पाहू' म्हणून ते निघाले. एरिबोल नावाच्या खाडीला वळसा घालता घालता उशीर झाला, पाऊस लागला, मुक्कामाची जागा मिळेना. तेव्हा त्यांनी अशाच एका फुगवट्यात रात्र काढली.

सकाळी दार वाजले. बाहेर मेंढ्यांचे खाद्य घेऊन निघालेला एक शेतकरी उभा होता. समोरून मालमोटार आल्यामुळे त्याला बरेच अंतर उलटे यावे लागले होते. तो रागावला नाही. "ही जागा रस्त्याची आहे, राहण्याची नाही," एवढेच बोलून तो गेला. पती खजील झाला आणि त्या खजीलपणातून चिडलाही. इतक्यात पेटी भरल्याचा तांबडा दिवा लागला. डर्नेस तीसएक किलोमीटर मागे होते. खाली पावसाने फुगलेला ओढा धावत होता. पती म्हणाला, "एवढ्या पाण्यात वीस लिटर म्हणजे काय? क्षणात वाहून जाईल. परत गेलो तर आजचा दिवस बुडेल आणि वर्तुळ अपुरे राहील." पत्नीने ओढ्याच्या काठाने जाणाऱ्या एका बारीक काळ्या नळीकडे बोट दाखविले. नळी खालच्या घराकडे गेली होती. त्या प्रदेशातील कित्येक घरे झऱ्याचे किंवा ओढ्याचेच पाणी पितात.

येथे खरा प्रश्न उभा राहतो, आणि पतीचा पक्ष हलका समजून चालणार नाही. तो पक्ष असा मांडता येईल. आम्ही एका रात्रीचे अतिथी आहोत. अतिथीचा थोडा भार यजमानाने सोसावा. शिवाय डोंगर, पाऊस, ओढा ही परमेश्वराची देणगी आहे. तीवर कोणा एकाची मालकी नाही. आणि हजारो लोक येथून जातात. आमच्या एकट्याने काय बिघडणार?

पहिल्या मुद्द्याचा विचार करू. अतिथी तो, ज्याच्या येण्याची व राहण्याची तिथी ठरलेली नाही. परंतु केवळ अनियमित येण्याने कोणी अतिथी होत नाही. अतिथीजवळ चूल नसते. तो दाराशी उभा राहतो, यजमानाच्या हातचे घेतो, आणि घेतल्यामुळे कृतज्ञतेने बांधला जातो. जो स्वतःची चूल, शय्या व पाणी घेऊन येतो, ज्याला कोणाच्या दाराशी उभे राहावेच लागत नाही, त्याने केवळ भार टाकण्याच्या वेळी अतिथीचे नाव सांगणे न्याय्य नव्हे.

मग तो संन्यासी म्हणावा काय? गीतेच्या बाराव्या अध्यायात प्रिय भक्ताला 'अनिकेत' हे विशेषण लावले आहे. परंतु अनिकेत म्हणजे घराविषयी ज्याचे ममत्व गळाले तो. ज्याने आपले घर चाकांवर चढविले तो नव्हे. घर हलले म्हणजे ममता सुटली असे होत नाही. उलट 'माझी आखणी, माझे वर्तुळ' ही ममता नकाशावरही घर करून बसते.

तेव्हा तिसराच पर्याय उरतो: तो गृहस्थ आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील पाच हिंसास्थाने सांगितली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. संसार चालवावयाचा म्हणजे जाणता-अजाणता कोणाला तरी उपद्रव होतोच; म्हणून त्या दोषाच्या परिहारासाठी गृहस्थाने नित्य पंचमहायज्ञ करावेत, असे शास्त्र सांगते. या गणनेत भिंतींचा उल्लेख नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. चूल आहे, पाणी आहे, केर आहे, तेथे गृहस्थाचे ऋण आहे. ते घर दगडाचे असो वा पत्र्याचे, स्थिर असो वा फिरते. शेगडी गाडीत आली तेव्हाच तिचे ऋणही गाडीत येऊन बसले.

दुसरा मुद्दा, ईश्वराची देणगी कोणाच्या मालकीची नाही, हा. हे खरे आहे. परंतु त्यातून पतीला हवा तो निष्कर्ष निघत नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, मिळालेले भोग परत काही न अर्पिता भोगणाऱ्याला चोर म्हटले आहे. तेथे वस्तूचा धनी कोण, याचा प्रश्नच नाही. दान मिळालेली वस्तूसुद्धा चोरून भोगता येते, हेच त्या विचाराचे मर्म आहे. स्कॉटलंडचा लौकिक कायदाही याच दिशेने जातो. २००३ च्या कायद्याने तेथे बहुतेक भूमीवर पायी फिरण्याचा व तंबू ठोकून राहण्याचा हक्क सर्वांना आहे, पण तो जबाबदारीने वागणाऱ्यालाच. आणि मोटार वाहनांना तो हक्क मुळीच नाही.

तिसऱ्या मुद्द्याला, 'एकट्याने काय बिघडणार' याला, उत्तर त्या काळ्या नळीनेच दिले. हजारांच्या हिशेबात जे दिसत नाही, ते एका घराच्या पेल्यात दिसते.

पती बराच वेळ गप्प होता. मग त्याने गाडी वळविली. येथे कोणी असे समजू नये की, त्याचे मन तत्काळ निर्मळ झाले. तीस किलोमीटर तो एक शब्दही बोलला नाही. कोणी त्याची वाखाणणी केली नाही. ओढ्याकाठच्या घराला तर यातले काही कळलेही नाही. कर्तव्य बहुधा असेच असते: करताना रुची नसते, केल्यावर साक्षी नसतो. तरीही मागून एक गाडी येताना दिसली, तेव्हा त्याने न सांगता फुगवट्यात वळून तिला वाट दिली. पत्नीने काही न बोलता त्याच्यासाठी चहा ओतला.

दिवस गेलाच. जॉन ओ'ग्रोट्सचे टोक राहिले. बेटीहिलहून आडवाटेने, स्ट्रॅथनेव्हर नावाच्या नदीच्या खोऱ्यातून, त्यांना परत फिरावे लागले. खोरे अतिशय रम्य आणि जवळजवळ निर्मनुष्य आहे. पतीला ती शांतता पाहून समाधान वाटले. तेवढ्यात त्यांना रोझल या गावाचे अवशेष लागले: गवतात बुडालेल्या दगडी जोत्यांच्या रांगा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, विशेषतः १८१४ व १८१९ साली, जमीनदारीच्या कारभाऱ्यांनी या खोऱ्यातील कुटुंबांना मेंढ्यांच्या कुरणासाठी घरांतून हुसकून लावले. लोक परत येऊ नयेत म्हणून छपरांची लाकडे जाळली. कित्येकांना किनाऱ्यावरच्या खडकाळ तुकड्यांत वसावे लागले, कित्येक समुद्रापार गेले. कारभाऱ्यावर १८१६ साली खटला झाला. तो निर्दोष सुटला. आपल्या शेतघरांवरून सहज हुसकले न जाण्याचे संरक्षण तेथील लहान शेतकऱ्यांना मिळाले ते १८८६ च्या कायद्याने.

आपले घर पाठीशी उभे करून दांपत्य त्या बेघर झालेल्यांच्या जोत्यांपाशी बसले. ज्या एकांताला ते सृष्टीचे सौंदर्य समजत होते, त्याचा काही भाग मनुष्याच्या दुःखातून निपजलेला होता. दार वाजविणारा तो शेतकरी, ती काळी नळी, हे त्या भूमीवर तगून राहिलेल्यांचे संसार होते. फिरत्या घरातून ते केवळ देखाव्याचा भाग वाटत होते.

या दृष्टांताचा उपयोग कॅम्परव्हॅन कधीच न पाहणाऱ्यालाही आहे. यात्रेला निघालेले कुटुंब रेल्वेच्या डब्यात शिदोरी सोडते, घाटात गाडी थांबवून पंगत मांडते, डोंगरगावच्या विश्रामगृहात पाण्याचा नळ उघडतो. प्रत्येक ठिकाणी एक लहानसे फिरते घर उभे राहते. तेव्हा गृहस्थाने तीन गोष्टी स्वतःस विचाराव्या. माझ्या चुलीचा केर कोण उचलील? माझ्या खाली कोण पाणी पितो? माझ्यामागे कोण खोळंबला आहे? या तिन्हींचे उत्तर देऊन जो पुढे जातो, त्याचे वर्तुळ अपुरे राहिले तरी प्रवास पुरा होतो. घर मागे ठेवून जाता येते, बरोबर घेऊनही जाता येते. गृहस्थाचे ऋण मात्र दोन्ही वेळा बरोबरच चालते.