दंडाचे धन कोणाचे?

दंड हा शब्द आपल्या भाषेत फार जुना आहे आणि त्याचे अर्थही अनेक आहेत. दंड म्हणजे काठी, दंड म्हणजे राजाचे शासन आणि दंड म्हणजे अपराध्याने भरावयाची रक्कम. काठी ज्याच्या हाती त्याने शासन करावे आणि शासन करणाऱ्याने रक्कम घ्यावी, असा या तिन्ही अर्थांचा परस्परसंबंध आपण गृहीत धरून चालतो. परंतु त्या रकमेचे पुढे काय व्हावे, ती कोणाच्या पदरात पडावी, हे आपण सहसा विचारीत नाही. वास्तविक दंड न्याय्य आहे की नाही, याचा निर्णय पुष्कळदा याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो. प्रस्तुत लेखात तो प्रश्न एका अगदी सामान्य, किंबहुना क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीच्या आधारे तपासून पाहावयाचा आहे. ती गोष्ट म्हणजे राहत्या इमारतीच्या आवारात मोटारीच्या काचेवर चिकटविलेली दंडाची चिठ्ठी.

ही चिठ्ठी इंग्लंडात फार परिचित आहे. गोव्यातून स्विंडनला किंवा महाराष्ट्रातून लंडनच्या आसपास जाऊन स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींपैकी जे सदनिकांच्या इमारतींत राहतात, त्यांना तिची निराळी ओळख करून द्यावयास नको. तेथील व्यवस्था सामान्यतः अशी असते. जमीन एका मालकाची, सदनिका दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने रहिवाशांच्या ताब्यात आणि देखभाल एका व्यवस्थापकाकडे. परक्या मोटारी आवारात येऊन उभ्या राहतात अशी तक्रार होऊ लागली की व्यवस्थापक एखाद्या खाजगी पार्किंग कंपनीशी करार करतो. कंपनी फलक लावते, रहिवाशांना परवान्याचे कागद देते आणि ज्या मोटारीत तो कागद दिसणार नाही तिच्यावर चिठ्ठी लावते. रक्कम साधारणतः १०० पौंडांपर्यंत. १४ दिवसांच्या आत भरल्यास तीत ४० टक्के सूट. पुष्कळ ठिकाणी कंपनी या कामाबद्दल इमारतीकडून एक पेनीही मागत नाही. व्यवस्थापकाला वाटते, रखवालदार फुकट मिळाला. पण फुकट राखण करणाऱ्याचाही चरितार्थ कशावर तरी चालावाच लागतो, आणि येथे तो केवळ चिठ्ठ्यांवर चालतो.

या चिठ्ठीचे स्वरूपही ध्यानात घेण्याजोगे आहे. नगरपालिका देते ती ‘पेनल्टी चार्ज नोटीस’ आणि खाजगी कंपनी देते ती ‘पार्किंग चार्ज नोटीस’. दोहोंची आद्याक्षरे एकच; त्यामुळे भोळ्या माणसाला दोन्हींत सरकारचाच हात दिसतो. परंतु दुसरी चिठ्ठी हा शासनाचा दंड नव्हेच. फलकावर अटी लिहिल्या, मोटार उभी करणाऱ्याने त्या मान्य केल्या आणि त्या मोडल्या म्हणून ठरलेली रक्कम देणे लागतो, असा तो कराराचा दावा आहे. पूर्वी या कंपन्या चाकाला लोखंडी कुलूप ठोकून जागच्या जागी पैसे वसूल करीत. स्कॉटलंडच्या न्यायालयाने १९९२ साली असे कुलूप ठोकणे हा अपराध ठरविला. इंग्लंड व वेल्समध्ये २०१२ च्या कायद्याने ते खाजगी जमिनीवर बंद केले. मात्र त्याच कायद्याने चालक कोण हे न कळल्यास, विहित नोटिशी वेळेवर दिल्या असतील तर, मोटारीच्या नोंदणीकृत धारकाकडून रक्कम मागण्याची मुभा कंपन्यांना दिली. धारकाचे नाव व पत्ता सरकारी नोंदणी कार्यालय त्यांना शुल्क घेऊन पुरविते. काठी काढून घेतली आणि लेखणी हाती दिली, असे या बदलाचे वर्णन करता येईल.

या प्रश्नावर तेथील न्यायालयांनी दिलेले दोन निर्णय एकमेकांशेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. पहिला युनायटेड किंगडमच्या सर्वोच्च न्यायालयाचा, ४ नोव्हेंबर २०१५ चा. चेम्सफर्ड येथील एका बाजारसंकुलात दोन तास मोटार विनामूल्य ठेवण्याची सोय होती. एका गृहस्थाची मोटार ५६ मिनिटे अधिक राहिली आणि त्याच्याकडे ८५ पौंड मागण्यात आले. ही रक्कम प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीच्या मानाने अवास्तव आहे, असे त्याचे म्हणणे. बहुमताने ते अमान्य झाले. जागा हलती राहावी, सर्वांना ती मिळावी, यात जमिनीच्या मालकाचे व कंपनीचे न्याय्य हित आहे आणि रक्कम त्या हिताच्या प्रमाणाबाहेर नाही, असे न्यायाधीशांनी ठरविले. त्या जागेच्या व्यवस्थेसाठी कंपनी मालकाकडून काही घेत नव्हती. उलट तीच मालकाला आठवड्याला १,००० पौंड देत होती. राखण करणारा धन्याला वेतन देतो, ही गोष्ट पूर्वीच्या कोणा गृहस्थाश्रमी माणसाला सांगितली असती तर त्याचा विश्वास बसला नसता.

दुसरा निर्णय २०१६ सालचा, ऑक्सफर्ड येथील कनिष्ठ न्यायालयाने अपिलात दिलेला. एका सदनिकेत राहणाऱ्या बाईंनी सामान उतरविण्यासाठी आपल्याच इमारतीच्या दाराशी काही मिनिटे मोटार थांबविली. तेवढ्यात चिठ्ठी लागली. न्यायाधीशांनी म्हटले की सामान उतरविण्यासाठी थांबणे म्हणजे मोटार उभी करून ठेवणे नव्हे. तसे मानले तर इमारतीत राहणेच अशक्य होईल. शिवाय पट्ट्याने रहिवाशाला जो जाण्यायेण्याचा हक्क मिळाला आहे तो मागाहून लावलेल्या फलकाने हिरावता येत नाही. बाजारात आलेला पाहुणा आणि घराच्या दाराशी आलेला धनी यांना एकच न्याय लागू होत नाही, हे तत्त्व या निर्णयाने मान्य केले.

आता आपल्या धर्मशास्त्राकडे वळू. प्राचीन राजांनी दंडाचे धन घेतले नाही असे नाही. कौटिल्याने राज्याच्या उत्पन्नाच्या बाबींत दंडाची गणना स्पष्टपणे केली आहे. तरीही आपल्या शास्त्रकारांना या धनाविषयी एक खोल संशय वाटत होता. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे की महापातक्याकडून घेतलेले धन सत्त्वशील राजाने स्वतःकडे ठेवू नये. लोभाने ठेवील तर तो त्याच पापाचा वाटेकरी होईल. ते पाण्यात सोडून वरुणाला अर्पण करावे किंवा विद्वान, सदाचारी ब्राह्मणास द्यावे. कारण वरुण हा राजांवरही दंड धरणारा आहे. कौटिल्याने तर त्याहून कठोर नियम घातला. ज्याला दंड करावयास नको होता त्याला राजाने दंड केला, तर त्या रकमेच्या तीसपट धन राजाने वरुणासाठी पाण्यात ठेवावे आणि नंतर ब्राह्मणांना द्यावे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायाचा शेवटही अशाच आशयाने झाला आहे.

या नियमांतील ब्राह्मणदानाचा भाग कालसापेक्ष म्हणून बाजूला ठेवला तरी त्यांचा गाभा आजही विचारात घेण्यासारखा आहे. दंड देणाऱ्याला दंडाचा मोह पडू नये, हा तो गाभा होय. अपराध घडू नये अशी ज्याची मनापासून इच्छा असते त्याच्याच हाती दंड शोभतो. आई मुलाला शिक्षा करते तेव्हा पुन्हा शिक्षेची वेळ येऊ नये असेच तिला वाटत असते. ज्याचे पोट अपराधावर भरते त्याची इच्छा मात्र नेमकी उलटी असते. फलक थोडा उंच लागला, अक्षर थोडे बारीक झाले, परवान्याचा कागद काचेवरून घसरून खाली पडला, तर त्याचे काही बिघडत नाही. झाला तर लाभच होतो. आवारातील सर्व माणसे एका दिवसात शहाणी झाली तर त्याला तेथून मुक्काम हलवावा लागेल. अशा माणसाला आपण सुव्यवस्थेचा रक्षक नेमतो, यातच विसंगती आहे. त्याने सद्भावाने काम केले तरी ती विसंगती नाहीशी होत नाही. कारण दोष व्यक्तीच्या स्वभावात नसून तिला नेमून दिलेल्या स्थानात आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो दुर्लक्षणीय नाही. राखण करावयाची तर खर्च येणारच. तो नियम मोडणाऱ्याने सोसावा की नियम पाळणाऱ्याने? रात्री दहा वाजता वृद्ध आईला दवाखान्यातून घेऊन येणाऱ्या रहिवाशाला आपल्या जागी परकी मोटार उभी दिसते, तेव्हा त्याच्यापुढे वरुणाची कथा सांगून काय उपयोग? हा आक्षेप खरा आहे. दुसऱ्याची जागा अडविणे ही अस्तेयव्रताचा भंग करणारीच गोष्ट आहे. जागा ही डोळ्यांना दिसणारी वस्तू नसली तरी तिची चोरी होऊ शकते. म्हणून दंडच नको, असे म्हणता येत नाही. म्हणता येते ते इतकेच की दंडाची रक्कम राखण करणाऱ्याच्या खिशात जाऊ नये. रखवालदाराला ठराविक वेतन द्यावे आणि दंडाचे पैसे ज्यांची गैरसोय झाली त्या रहिवाशांच्या सामाईक निधीत, पायरीच्या दुरुस्तीत किंवा दिव्याच्या खर्चात जावेत. वेतनाचा भार सर्वांवर पडेल हे खरे. परंतु न्यायाचा खर्च सर्वांनी सोसावा लागतो. तो टाळावयास गेले म्हणजे न्यायच दुसऱ्याच्या धंद्याचा माल होतो.

आणि येथे दोषाचा एक वाटा आपणा रहिवाशांकडेही येतो. खाजगी कंपनी बहुधा आपल्यातीलच कोणाच्या तक्रारीवरून येते. शेजाऱ्याच्या दारावर थाप मारून ‘आपली गाडी जरा बाजूला घ्याल का?’ असे विचारण्याचा संकोच वाटतो. म्हणून आपण तो कटु शब्द परक्याकडून वदवून घेतो आणि स्वतः चांगले राहतो. पुढे त्याच परक्याची चिठ्ठी आपल्या भावाच्या मोटारीवर, कथेसाठी आलेल्या बुवांच्या मोटारीवर किंवा सत्यनारायणाच्या पूजेला आलेल्या गुरुजींच्या स्कूटरवर लागली म्हणजे आपण अन्यायाची हाक देतो. वडीलधाऱ्या माणसाने चार शब्द बोलून जे भागले असते, त्यासाठी आपण शंभर पौंडांचे यंत्र उभे केले, हे त्या वेळी आपल्या ध्यानात येत नाही.

ज्याला चिठ्ठी लागली त्याचा धर्म कोणता? प्रथम त्याने क्रोध बाजूला ठेवून स्वतःला विचारावे की मी खरोखर कोणाची जागा अडविली होती काय? अडविली असेल तर कंपनी लोभी आहे या सबबीने आपण निर्दोष ठरत नाही. ज्याची गैरसोय झाली त्याची क्षमा मागणे हे कोणत्याही रकमेहून अगोदरचे ऋण आहे. अडविली नसेल, तर मात्र केवळ कटकट नको म्हणून पैसे भरून मोकळे होणे हा मोठेपणा नव्हे. त्याने आपला पट्टा काढून वाचावा, त्यात मोटारीच्या जागेचा हक्क कोणत्या शब्दांत दिला आहे ते पाहावे, व्यवस्थापकाला लेखी विचारावे आणि कंपनीकडे व तिच्यानंतर निराळ्या अपील-व्यवस्थेकडे मुदतीत दाद मागावी. न्यायालयाचा कागद आल्यास तो कदापि दुर्लक्षू नये. उत्तर न दिल्यास निकाल एकतर्फी होतो. एकाने असा नेटाने प्रतिवाद केला म्हणजे त्याचा लाभ जिन्यातील सर्व घरांना मिळतो.

एक सूक्ष्म प्रश्न उरतो. इंग्लंडात खाजगी कंपनीला चालकाचे नाव सांगण्याचे बंधन मोटारीच्या धारकावर नाही. त्यामुळे ‘काही सांगूच नका’ असा सल्ला तेथे सर्रास दिला जातो. हे मौन सत्याला धरून आहे काय? आमच्या मते, ज्याला विचारण्याचा हक्क नाही त्याच्यापुढे मौन धरणे हे असत्य नव्हे. परंतु गाडी आपण चालविली असता ‘मी नव्हतो’ असे लिहून देणे हे असत्यच, मग समोरचा कितीही लोभी असो. दुसऱ्याच्या अधर्माने आपल्याला अधर्माचा परवाना मिळत नाही.

हा सारा विचार केवळ परदेशस्थांसाठी नाही. बडोदे, इंदूर, हैदराबाद, बेळगाव, मडगाव येथील जुन्या वाड्यांच्या व घरांच्या जागी आता इमारती उभ्या आहेत आणि मोटारीच्या जागेवरून होणारे तंटे त्यांच्याबरोबर आले आहेत. आपल्या १८७२ च्या करारकायद्याचे ७४ वे कलम असे की करारभंगासाठी रक्कम ठरलेली असली तरी न्यायालय तिच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देते. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, सभासदाला दंड करण्यापूर्वी त्याला कारणे दाखविण्याची संधी देऊन विषय सर्वसाधारण सभेपुढे नेण्याची रीत घालून दिली आहे. ही रीत संथ आहे, तिच्यात वाद होतात, कधी सभा उधळतेही. तथापि तिच्यात दंड करणारा व दंड भरणारा एकाच जिन्याने वरखाली करतात, आणि उद्या देवळाच्या मंडपात एकाच पंगतीला बसावयाचे आहे हे दोघांनाही ठाऊक असते. दंडाला मर्यादा घालण्यास एवढी जाणीव पुष्कळदा पुरते. ती जाणीव भाड्याने मिळत नाही. म्हणून आपल्या आवारातील दंड ठेक्याने देण्यापूर्वी प्रत्येक संस्थेने सभेत एवढे तरी विचारून घ्यावे की हे पैसे अखेर कोणाकडे जाणार आहेत.