वैलावरचे दूध

मार्चमधली गोष्ट. विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते, म्हणून दहावीच्या तासाला मीच गेलो. मी एम. ए., तेही तत्त्वज्ञानाचा. तेव्हा पुस्तकात पाहून औष्णिक विद्युत केंद्राची आकृती फळ्यावर काढणे एवढेच हाती होते. कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेने टर्बाइन फिरते, जनित्रातून वीज निघते. शंभर भाग उष्णतेतून पस्तीस-चाळीस भागच वीज होते, असे सांगितले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, उरलेली कुठे जाते?"

"वाया," मी म्हणालो. घरी येईपर्यंत ते उत्तर टोचत राहिले. 'वाया' नावाचे गाव नकाशावर नाही.

१८२४ साली सादी कार्नो या फ्रेंच इंजिनिअरने दाखवून दिले, की नुसत्या उष्णतेने काम होत नाही. एक बाजू तापलेली हवी, एक थंड हवी, आणि थोडी उष्णता थंड बाजूला टाकावीच लागते. त्याआधी १८२१ मध्ये सीबेकने दोन धातूंचा एक सांधा तापवला आणि जवळची चुंबकसुई हलली. वाफ नाही, चाक नाही! (ही वीज आहे हे खुद्द त्याला पटले नव्हते.) १९७७ साली निघालेली व्हॉयेजर याने याच तत्त्वावर, प्लुटोनियमच्या उष्णतेतून वीज घेतात. त्यांचीही बहुतेक उष्णता टाकलीच जाते. पण तिथे आसपास कोणाचे अंगण नाही.

आपल्याकडे असते. खंडवा जिल्ह्यात डोंगलियाजवळ सिंगाजी औष्णिक केंद्र आहे, २५२० मेगावॉटचे. नाव निमाडच्या संत सिंगाजींचे. त्याला लागणारे पाणी इंदिरा सागर जलाशयाचे. त्याच जलाशयासाठी २००४ मध्ये हरसूद रिकामे झाले. धरण या केंद्रासाठी बांधले नव्हते, हे खरे. तरी आमच्या शाळेतले हरसूदचे एक सहकारी स्टाफरूमचा पंखा लावताना कधी कधी गप्प होतात, त्याचा अर्थ मला उशिरा कळला. आणि आम्ही इंदूरकर तर नर्मदेचे पाणीही जलूदहून विजेच्या पंपांनी घाट चढवून पितो.

नियमच तसा, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण काही टाकावे लागेल एवढेच कार्नो सांगतो. कोणाच्या दारात, ते सांगत नाही. ते माणसे ठरवतात, आणि ज्यांच्या घरी दिवा लागतो त्यांना त्याचा पत्ताही नसतो. न कळता घेतलेल्या सुखाचा दोष लागतो का? पूर्वी मी 'नाही' म्हटले असते. आता वाटते, विचारणे शक्य असून विचारले नाही, तर लागतो.

आईच्या चुलीला वैल होता. मुख्य जाळावर भाकरी, आणि मागे सरकणाऱ्या धगीवर दूध किंवा आमटी. वेगळे सरपण नाही. डेन्मार्कमध्ये वीजकेंद्रांचे गरम पाणी नळांनी घराघरांत नेऊन खोल्या उबदार ठेवतात. तो वैलच झाला. मे महिन्यात निमाडात ऊब कोणाला हवी, हा प्रश्न आहेच. पण वाळवणाला, कारखान्यांना, नव्या यंत्रांत थंडावा करायलाही धग चालते.

पुढच्या तासाला मी तीच आकृती पुन्हा काढली. या वेळी उरलेल्या उष्णतेचा बाण शीतक मनोऱ्यापर्यंत नेला, मनोऱ्याला पाणी देणारा तलाव काढला आणि मुलांना सांगितले, आता तलावाखालच्या गावांची नावे शोधून आणा.