कोरड्या दिवसांचें आज्ञापालन
(उत्पत्ति, अध्याय ६ ते ९)



नोहाची गोष्ट आपल्या मंडळ्यांतील लहान लेंकरांनाही ठाऊक आहे. तारूं, जोडीजोडीनें आंत जाणारे प्राणी, कबुतर आणि मेघांतील धनुष्य हीं चित्रें शब्बाथशाळेंत आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. पण गोष्ट फार ओळखीची झाली म्हणजे तिची धार बोथट होते. यासाठीं आमची विनंती आहे कीं, वाचकांनीं पवित्र शास्त्र उघडून उत्पत्तीचे हे चार अध्याय आधीं वाचावे. वाचतां येत नसेल त्यांनीं दुसऱ्याकडून वाचवून घ्यावे. आणि मग आम्ही जें लिहीत आहों त्याकडे वळावें.

प्रथम हें पाहूं कीं, देवानें न्याय कां केला. सहाव्या अध्यायाच्या पांचव्या वचनांत मनुष्याच्या अंतःकरणाची झडती आहे. त्यांत उठणारी प्रत्येक कल्पना वाइटाकडेच वळलेली होती. अकराव्या वचनांत त्या अंतःकरणाचें पीक दाखविलें आहे. पृथ्वी जुलमानें भरून गेली होती. येथील मूळ इब्री शब्दाचा अर्थ बळवंतानें दुबळ्यावर केलेला अन्याय, हिसकावून घेणें, रक्त सांडणें असा आहे. लक्ष द्या कीं, या ठिकाणीं मूर्तींचें नांव नाहीं. शेजाऱ्याशीं केलेल्या वागणुकीचें नांव आहे. काइनानें आपल्या भावाला शेतांत ठार केलें. त्याच्याच वंशांतील लामेख एका जखमेसाठीं माणूस मारिल्याची बढाई आपल्या बायकांपुढें मारूं लागला. काइनाला निदान भय तरी वाटलें होतें. लामेखाला अभिमान वाटला. पाप असेंच पिढीपिढीनें धीट होत जातें, आणि शेवटीं सर्व पृथ्वी त्यानें भरते.

उपदेशकबंधूंस कित्येक शिकलेले तरुण विचारतात कीं, प्रलयाची गोष्ट इतर राष्ट्रांतही आहे, मग आपल्या शास्त्रांत विशेष तें काय? ती आहे हें खरें. निनवेच्या उत्खननांत मिळालेल्या मातीच्या पाट्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत. त्यांवर लिहिलेली बाबेली प्रलयकथा जॉर्ज स्मिथ यांनीं १८७२ सालीं वाचून लोकांपुढें मांडली. तींतही होडी आहे, पक्षी सोडणें आहे, यज्ञ आहे. पण बाबेलाच्याच दुसऱ्या एका जुन्या काव्यांत, ज्यास अत्राहसीसाचें काव्य म्हणतात, देवांनीं प्रलय आणिला तो मनुष्यांच्या गलबल्यामुळें मुख्य देवाची झोंप मोडली म्हणून! आमच्या शास्त्रांतील देवाची झोंप मोडली नव्हती. दुबळ्यांवर होणारा जुलूम त्यानें पाहिला, आणि सहाव्या वचनांत लिहिलें आहे त्याप्रमाणें त्याच्या हृदयाला क्लेश झाले. न्याय करणारा देव क्रोधानें पेटलेला असेल असें आपणांस वाटतें. येथें मात्र तो दुःखी आहे. बंधूंनो, तरुणांस हाच भेद दाखवा.

आतां नोहाकडे वळूं. त्यास आज्ञा झाली ती मापासहित झाली. तीनशें हात लांबी, पन्नास हात रुंदी, तीस हात उंची, तीन मजले आणि कडेला एक दार. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोंकापर्यंतचें अंतर, सुमारें दीड फूट. आपल्या खेड्यांतही असेंच मोजीत असत. म्हणजे सुमारें साडेचारशें फूट लांबीचें तें तारूं. त्यास शीड लाविण्याची आज्ञा नाहीं, सुकाणू बसविण्याची नाहीं. तें कोणीकडे जाईल हें ठरविणें नोहाच्या हातीं ठेविलेंच नव्हतें. त्याच्या हातीं एवढेंच होतें कीं, लांकूड तोडावें, तासावें, आंतून बाहेरून डांबर लावावें आणि सांगितलेलें माप चुकूं देऊं नये. शेजारी त्यास हंसले असें उत्पत्तींत कोठें लिहिलेलें नाहीं. पण आभाळ स्वच्छ, पायाखालीं जमीन कोरडी, आणि हा मनुष्य रोज सकाळीं उठून पाण्याची तयारी करितो आहे, हें आपल्या मनापुढें आणा. आणखी एक गोष्ट पाहा. आज्ञा झाल्यापासून प्रलय ओसरेपर्यंत नोहाच्या तोंडचा एकही शब्द शास्त्रानें लिहून ठेविला नाहीं. पेत्र त्याला नीतिमत्त्वाचा उपदेशक म्हणतो. पण उत्पत्तींत त्याचा उपदेश दिसतो तो त्याच्या हातांच्या कामांत. हा झाला पहिला कोरडा काळ, आणि त्यांत नोहा टिकला.

मग सहाशेंव्या वर्षाच्या दुसऱ्या महिन्याच्या सतराव्या दिवशीं पाणी आलें. दार कोणीं लावून घेतलें? बाबेली कथेंत होडींत बसणारा मनुष्य स्वतः दार लावितो. येथें तें परमेश्वरानें लाविलें. दार उघडें होतें तोंपर्यंत दयेचा काळ होता. तें बंद करण्याचा अधिकार कोणा मनुष्यास दिला गेला नाहीं. आपल्यापैकीं जे दुसऱ्यांस मंडळींतून बाहेर ढकलण्याची घाई करितात, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

दुसरा कोरडा काळ पुष्कळांच्या नजरेंतून सुटतो. पुढच्या वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवशीं नोहानें तारवाचें आच्छादन काढून पाहिलें, तों जमीन कोरडी दिसली. वर्षभर कोंडलेल्या मनुष्यानें त्याच घटकेस उडी मारून बाहेर धांव घ्यावी, नाहीं का? पण तो बाहेर आला दुसऱ्या महिन्याच्या सत्ताविसाव्या दिवसानंतर, देवानें नीघ म्हटलें तेव्हां. जवळजवळ दोन महिने तो डोळ्यांना दिसणाऱ्या मोकळ्या जमिनीकडे पाहत आंत राहिला. पाणी दिसत नव्हतें तेव्हां त्यानें बांधलें, आणि पाणी ओसरल्यावर त्यानें वाट पाहिली. दोन्ही वेळां त्याच्या डोळ्यांची साक्ष एक होती व देवाचा शब्द दुसरा होता. आणि दोन्ही वेळां तो शब्दाप्रमाणें चालला.

परंतु तिसराही एक कोरडा काळ आहे. संकट संपलें, करार झाला, धनुष्य दिसलें. नोहानें द्राक्षमळा लाविला, त्याचा रस प्याला आणि आपल्या डेऱ्यांत नग्न पडला. प्रलयांत जो बुडाला नाहीं तो एका प्याल्यांत बुडाला. शास्त्र आपल्या नीतिमान पुरुषांची लाज झांकीत नाहीं, तें यासाठीं कीं आपण सावध व्हावें. संकटांत आज्ञा पाळणें कठीण खरें. पण सुखांत आपणांस आज्ञाच आठवत नाहीं.

हें आम्ही लिहितों तें दुसऱ्यांस दोष देण्यासाठीं नव्हे. आम्ही एका खेड्यांत सेवा करीत असतांना तेथें एक भाऊ होता. लहानपणीं गांवच्या विहिरीवरून त्यास हाकलून दिलेलें होतें; त्याची आई दोन मैलांवरून घागर आणीत असे. हें तो प्रार्थनासभेंत सांगे तेव्हां ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांस पाणी येई. पुढें देवाच्या कृपेनें त्याचें बरें झालें, शेतांत विहीर झाली, पाणी लागलें. मग एका उन्हाळ्यांत त्यानेंच आपल्याहून गरीब अशा एका विधवेस त्या विहिरीवरून परत पाठविलें. ती आमच्याकडे आली. आम्ही त्याच्याशीं बोलूं असें तिला सांगितलें, आणि बोललों नाहीं. कारण मंदिराच्या छपरासाठीं सर्वांत मोठें दान त्याचें होतें. नोहाचें मौन आज्ञापालनाचें होतें. आमचें मौन जुलमाच्या भागीदाराचें होतें. ती बाई त्यानंतर मंदिरांत आली नाहीं. छप्पर झालें, परंतु त्याकडे पाहिलें म्हणजे आजही आम्हांस तिची रिकामी घागर दिसते.

वाचकहो, सहाव्या अध्यायांतील दुष्टता प्रलयानें धुऊन गेली नाहीं. पाणी ओसरल्यावर, आठव्या अध्यायाच्या एकविसाव्या वचनांत, देव मनुष्याच्या अंतःकरणाविषयीं पुन्हां तेंच म्हणतो, कीं तें बाळपणापासून वाईट आहे. ज्या कारणास्तव पूर्वीं न्याय आला, त्याच कारणाचा उच्चार करून आतां तो क्षमेचें वचन देतो! यावरून हें उघड होतें कीं, पाण्यानें देह धुतला जातो, अंतःकरण नाहीं. ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे त्यांनींही हें विसरूं नये. आणि हेंही उघड होतें कीं, पृथ्वी आज टिकून आहे ती आपल्या चांगुलपणावर नव्हे, तर त्याच्या वचनावर. पेरणी व कापणी, थंडी व ऊन हीं बंद पडणार नाहींत असें त्यानें सांगितलें. तेव्हां मृगाच्या पावसानंतर तुम्ही पाभर धराल तेव्हां समजा कीं, ज्याच्या हृदयाला क्लेश होतात तो देव अजून सहन करीत आहे.

तर या आठवड्यांत काय करावें? मोठें तारूं बांधावयास कोणी सांगितलेलें नाहीं. आपल्यास सांगितलेलें माप लहान आहे. बांध सरकविला असेल तर तो मागें घ्यावा. मजुराचें देणें राहिलें असेल तर तें सूर्य मावळण्यापूर्वीं द्यावें. विहिरीवरून कोणास परत पाठविलें असेल तर त्याच्या दारीं स्वतः घागर भरून न्यावी. आणि आम्ही जे उपदेश करितों त्यांनीं, ज्याच्याशीं बोलावयाचें राहून गेलें, त्याच्याकडे आजच जावें. आभाळ स्वच्छ आहे, जमीन कोरडी आहे, दार उघडें आहे. आज्ञा पाळण्याचा दिवस तो हाच.

प्रभु आपणां सर्वांस तसें करावयास बळ देवो. आमेन.